आधी काटा, मग पट्टा : वजन उतरवायच्या मोबाइल हिशेबाला पुण्यात किती खर्च येतो?

मनगटावरचा फिटनेस बँड आणि मोबाइलमधले कॅलरी मोजणारे ॲप जोडून वजन उतरवायचे म्हटले, तर पुण्यात किती पैसे लागतात? दीड हजारातही भागते, आणि हात सैल सोडला तर तीस हजारही पुरत नाहीत. वजन किती उतरेल याचा मात्र या दोन रकमांमधल्या फरकाशी फारसा संबंध नसतो. ताटात काय पडले, किती पडले आणि त्याची नोंद किती प्रामाणिकपणे झाली, यावर बहुतेक सगळे ठरते. त्या नोंदीला लागणारे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, आणि तो पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो.

म्हणून सल्ला सुरुवातीलाच. आधी काटा घ्या, मग पट्टा. पट्टा घ्यायचाच असेल तर तो तुमच्या ॲपशी जोडला जातो का, हे पैसे देण्याआधी पाहा. ॲपची सशुल्क वर्गणी महिनाभर फुकटात नोंदी करून झाल्याशिवाय भरू नका. खाली दिलेले भाव ढोबळ आहेत. सणासुदीच्या सवलतींत ते बरेच खालीवर होतात, तेव्हा खरेदीच्या दिवशी दुकानातला आणि ऑनलाइन असे दोन्ही भाव पाहावेत.

आकडा मनगटावरून ॲपपर्यंत कसा जातो

पट्टा थेट कॅलरी ॲपशी बोलत नाही. तो ब्लूटूथने आधी स्वतःच्या कंपनीच्या ॲपला पावले, हृदयाचे ठोके आणि झोप कळवतो. तिथून हे आकडे फोनमधल्या एका मधल्या साठ्यात जातात. आयफोनमध्ये त्याचे नाव ॲपल हेल्थ, तर अँड्रॉइडमध्ये हेल्थ कनेक्ट. अँड्रॉइड १४ पासून हेल्थ कनेक्ट फोनच्या सेटिंगमध्येच असते. त्याआधीच्या फोनवर ते प्ले स्टोअरवरून घ्यावे लागते. कॅलरी ॲप या साठ्यातून पावले आणि व्यायाम उचलते. काही मोठ्या कंपन्यांनी आपापसात थेट जोडणीही केलेली असते, फिटबिट आणि मायफिटनेसपाल यांच्यासारखी.

म्हणजे साखळीत तीन कड्या आहेत आणि त्यातली एक निसटली तरी आकडा पोहोचत नाही. स्वस्त स्मार्टवॉच घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. घड्याळ चांगले चालते, त्याचे स्वतःचे ॲपही चालते, पण ते ॲप मधल्या साठ्यात काहीच लिहीत नाही. जुन्या जाहिरातींत ‘गूगल फिटशी जोडता येते’ असे लिहिलेले दिसेल. त्यावर विसंबू नका. गूगलने २०२४ मध्येच ती जुनी जोडणी मोडीत काढण्याचे जाहीर करून हेल्थ कनेक्टकडे वळायला सांगितले आहे. दुकानात विचारायचा प्रश्न एकच : याचे ॲप हेल्थ कनेक्टमध्ये, किंवा आयफोन असेल तर ॲपल हेल्थमध्ये, पावले आणि व्यायाम लिहिते का? विक्रेत्याला सांगता आले नाही, तर प्ले स्टोअरवर त्या ॲपचे पान तिथेच उघडून वाचा.

काय घ्यावे, कितीला घ्यावे

शिंप्याची मोजपट्टी : वीस-तीस रुपये. कंबर मोजायला. यादीतले सर्वांत स्वस्त साधन आणि सर्वांत कमी वापरले जाणारे.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा : चारशे ते सातशे रुपये. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, वाटीचे वजन वजा करून शून्यावर येणारे बटण असलेला घ्या. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला घरगुती सामानाच्या दुकानांत हातात घेऊन पाहता येतो. घरी आल्यावर अर्धा लिटर दुधाची न फोडलेली पिशवी त्यावर ठेवा. दूध पाण्यापेक्षा थोडे जड असते, त्यामुळे पिशवीसह आकडा ५१५ ते ५२० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक दिसला तर काटा बदलून घ्या.

माणसाचा वजनकाटा : आठशे ते बाराशे रुपये. शरीरातली चरबी टक्क्यांत सांगणारे ‘स्मार्ट’ काटे दीड हजाराच्या पुढे मिळतात. त्यांचा चरबीचा आकडा अंगातल्या पाण्याप्रमाणे हलतो, म्हणून त्यासाठी जादा पैसे देण्याची गरज नाही.

फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच : भारतीय ब्रँडची साधी घड्याळे हजार-दीड हजारापासून सुरू होतात. त्यावरच्या पायरीचा अंदाज यावा म्हणून बाजारात येतानाचे दोन भाव : ॲमेझफिट बँड ७ हा २०२२ च्या अखेरीस भारतात सुमारे तीन-साडेतीन हजारांना आला, तर सॅमसंगचा गॅलेक्सी फिट ३ फेब्रुवारी २०२४ मध्ये ४,९९९ रुपयांना. गॅलेक्सी फिट ३ फक्त अँड्रॉइड फोनबरोबर चालतो आणि ॲपल वॉच फक्त आयफोनबरोबर, हे विसरून घेतले तर पैसे अडकतात. ॲपल आणि गार्मिनची घड्याळे वीस हजारांच्या आसपास सुरू होऊन बरीच वर जातात. धावण्याचा किंवा ट्रेकचा गंभीर नाद असेल त्यांनी ती घ्यावीत; केवळ वजनासाठी त्यांची गरज नाही.

लपलेला खर्च : बँडची मनगटाला बांधायची पट्टी तुटली की नवी शंभर ते तीनशे रुपयांना. स्वस्त बँडची बॅटरी बदलून मिळत नाही; ती दमली की बँड संपला. त्यामुळे तीन हजारांचा बँड दोन-तीन वर्षे चालला, तर वर्षाला हजार ते दीड हजार रुपये असा हिशेब धरावा. तपकीर गल्लीतून घ्या, मॉलमधून घ्या किंवा ऑनलाइन घ्या, जीएसटीसह पक्के बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी हक्काने मागता येत नाही.

पट्टा हवाच का?

फोन दिवसभर खिशात राहत असेल तर पावले तोच मोजतो आणि मधल्या साठ्यात लिहूही शकतो. अशा माणसाने पहिले दोन महिने पट्ट्यावर एक रुपयाही घालवू नये. पण ज्यांचा फोन ओट्यावर, पर्समध्ये किंवा ऑफिसच्या टेबलावर पडून असतो, त्यांची निम्मी चाल मोजलीच जात नाही. साडी किंवा खिसा नसलेला कुर्ता वापरणाऱ्या कितीतरी बायकांचे हेच होते. त्यांना साधा बँड खरोखर उपयोगी पडतो.

घेतल्यावर दोन कसोट्या घ्या. सारसबागेत किंवा संभाजी उद्यानात मनात मोजत पाचशे पावले चाला. बँडने वीस-पंचवीस पावले इकडेतिकडे दाखवली तर चालेल. दुसरी कसोटी पुण्यासाठी जास्त महत्त्वाची. दुचाकीवर बसण्याआधी आकडा पाहा, कोथरूडहून स्वारगेटला जा, उतरल्यावर पुन्हा पाहा. खड्डे आणि गतिरोधकांच्या धक्क्यांना काही बँड पावले समजतात. तुमचा बँड तसे करत असेल तर रोजच्या प्रवासाची ती पावले मनातून वजा करा.

दहा हजार पावलांच्या लक्ष्याचाही धसका घेऊ नका. त्या आकड्याचा उगम १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने बाजारात आणलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेला तो उंबरठा नव्हे. तुमची आजची सरासरी चार हजार असेल तर महिनाभर साडेपाच हजारांवर टिकणे हे चांगले लक्ष्य आहे.

ॲप : फुकटात काय मिळते

वरण-भात, थालीपीठ, पिठले, उसळ हे पदार्थ नोंदवायचे तर भारतीय पदार्थांची यादी असलेले ॲप सोयीचे. २०१२ साली सुरू झालेले बंगळुरूचे हेल्थिफायमी त्यासाठी सर्वांत परिचित आहे. पुण्यात उभी राहिलेली कंपनी म्हणजे फिटर. जितेंद्र चौकसे यांनी २०१६ मध्ये समाजमाध्यमांवरच्या गटातून तिची सुरुवात केली. आता तिचे ॲप आहे, सशुल्क प्रशिक्षक आहेत आणि बोटात घालायची स्मार्ट अंगठीही आहे. अमेरिकेच्या मायफिटनेसपालची यादी प्रचंड आहे, पण त्यात लोकांनी स्वतः भरलेल्या नोंदी भरपूर असल्याने एकाच पदार्थाचे वेगवेगळे आकडे दिसतात. शिवाय पाकिटावरचा बारकोड स्कॅन करण्याची सोय तिथे २०२२ पासून सशुल्क आहे. सॅमसंगचा फोन असेल तर सॅमसंग हेल्थमध्येच जेवणाची नोंद फुकटात होते.

नोंद, पावले आणि वजनाचा आलेख या तिन्ही गोष्टी फुकटच्या आवृत्तीत मिळतात आणि सुरुवातीला एवढेच पुरते. सशुल्क योजनेत प्रामुख्याने तीन गोष्टी विकल्या जातात : माणूस प्रशिक्षक, तयार आहारतक्ता आणि ताटाच्या फोटोवरून कॅलरीचा अंदाज. फोटोची सोय आकर्षक आहे, पण फोडणीत तेल किती गेले हे फोटोत दिसत नाही, आणि आपल्या जेवणात तफावत पडते ती नेमकी तिथे. माणसाचा सल्ला हवा असेल तर शहरातल्या पात्र आहारतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीचे शुल्क साधारण पाचशे ते दीड हजारांच्या घरात असते. समोर बसून तुमचे रक्ताचे रिपोर्ट वाचणाऱ्या माणसावर केलेला हा खर्च ॲपच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षा सहसा जास्त कामाला येतो.

जोडणी, क्रमाने

१. पट्ट्याच्या कंपनीचे ॲप टाका, पट्टा पेअर करा आणि वजन, उंची, वय, लिंग खरे भरा. कॅलरीचा अंदाज यावरूनच काढला जातो.

२. त्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन हेल्थ कनेक्ट किंवा ॲपल हेल्थला परवानगी द्या. पावले, व्यायाम आणि वजन एवढेच चालू करा.

३. कॅलरी ॲपमध्ये जाऊन त्याच साठ्यातून पावले वाचायची परवानगी द्या.

४. फोन आणि पट्टा दोघेही पावले लिहीत असतील तर प्राधान्य ठरवा. हेल्थ कनेक्टमध्ये ‘डेटा सोर्सेस अँड प्रायॉरिटी’ या पानावर पट्टा वर ओढा. ॲपल हेल्थमध्येही पावलांच्या पानावर असा क्रम लावता येतो.

५. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये पट्ट्याच्या ॲपवरची बंधने काढा. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करून टाकतात आणि मग ‘सिंक होत नाही’ ही तक्रार सुरू होते. दुरुस्तीला धावण्याआधी हे एक सेटिंग पाहावे.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा, त्याचे ॲप आणि कॅलरी ॲप या तिन्ही ठिकाणचा कालचा आकडा ताडून पाहा. तो जुळला की जोडणी झाली.

दुहेरी मोजणीचा सापळा

सगळे नीट जोडूनही वजन हलत नाही, याचे एक मोठे कारण इथे आहे. ॲप सुरू करताना विचारते : दिवसभर तुमची हालचाल किती? तिथे ‘सक्रिय’ निवडले की ॲप रोजच्या कॅलरीत त्या हालचालीचे आधीच वाढवून देते. त्यात पट्टा जोडला की तीच पावले पुन्हा मिळकत म्हणून जमा होऊ शकतात. त्यावर कुणी हाताने ‘संध्याकाळी चालणे, ४५ मिनिटे’ अशी नोंद केली, तर तीच चाल तिसऱ्यांदा मोजली जाते. पट्टा जोडायचा असेल तर ‘बैठे काम’ निवडा आणि पट्ट्याने पकडलेला व्यायाम हाताने पुन्हा लिहू नका.

दुसरी गोष्ट, पट्ट्याचा कॅलरीचा आकडा फुगलेला असतो. सत्तर किलोचा माणूस तळजाईवर तासभर झपाझप चालून पाच किलोमीटर कापतो, तेव्हा साधारण २५० कॅलरी खर्च होतात. पण तो तास घरी बसून काढला असता तरी सत्तरेक गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १८० च्या आसपास. काही पट्टे पूर्ण २५० दाखवतात, काही त्याहून जास्त. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी पाच टक्क्यांहून कमी चुकीने मोजले. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते, आणि सर्वांत कच्चे ९३ टक्क्यांनी. तेव्हा पट्ट्याच्या पावलांवर विश्वास ठेवा, ठोक्यांवर ठेवा; कॅलरीवर ठेवू नका. ॲपने ‘आज ३०० कॅलरी जास्त कमावल्या’ असे सांगितले म्हणून त्या खाऊन टाकू नका. बहुतेक ॲपमध्ये व्यायामाच्या कॅलरी जेवणाच्या हिशेबात न धरण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरा.

पट्टा बांधला म्हणजे वजन उतरते असेही नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७१ तरुणांवर दोन वर्षे केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाबरोबर हालचाल मोजणारे यंत्र मिळालेल्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलोंनी उतरले. ज्यांना ते यंत्र दिले नव्हते, त्या गटाचे ५.९ किलोंनी.

खरा हिशेब कढईत

साबुदाण्याची खिचडी घ्या. ॲपच्या यादीत ‘एक वाटी’ असे लिहिलेले असते, पण वाटी कुणाची आणि तूप किती? घरात चौघांसाठी करताना एकदाच सगळे काट्यावर ठेवा. कोरडा साबुदाणा २५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८७५ कॅलरी. दाण्याचे कूट १०० ग्रॅम, सुमारे ५५०. बटाटा १५० ग्रॅम, ११० च्या आसपास. तूप ४० ग्रॅम, ३६०. मिरची, जिरे, कोथिंबीर हिशेबात धरायची गरज नाही. एकूण झाल्या जवळजवळ १,९०० कॅलरी. आता कढईचे रिकामे वजन वजा करून तयार खिचडी तोला. ती ७६० ग्रॅम भरली तर एका ग्रॅमला अडीच कॅलरी. २०० ग्रॅमची बशी म्हणजे ५००.

हा पदार्थ ॲपमध्ये ‘आमची खिचडी’ म्हणून साठवून ठेवा. पुढच्या एकादशीला फक्त बशी तोलायची. आठवड्यात घरात फिरून फिरून होणारे दहा-बारा पदार्थ असे एकदा भरले की रोजच्या नोंदीला पाच-दहा मिनिटे पुरतात. पोळीचेही तसेच. दहा पोळ्यांची कणीक ३०० ग्रॅम असेल तर एका पोळीत तीस ग्रॅम कणीक, म्हणजे शंभरेक कॅलरी. वरचे एक चमचा तूप आणखी ४५. दोन पोळ्या खाल्ल्या हे सगळेच लिहितात. वरचे तूप, पोळीच्या घडीतले तेल आणि भाजीची फोडणी बहुतेकांच्या नोंदीतून सुटते. चहाही सुटतो. दिवसाला चार कप असतील तर प्रत्येकी दोन चमचे साखर मिळून दीडशे कॅलरीच्या आसपास होतात.

मेसचा डबा खाणाऱ्यांना कढई तोलता येत नाही. त्यांनी भाजीची वाटी ताटलीत तिरकी करून वर सुटलेले तेल बाजूला काढावे आणि ॲपच्या अंदाजात दर भाजीला एक चमचा तेल जादा धरावे.

बाहेर खाताना थोडी मदत कायद्याची आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना जुलै २०२२ पासून मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरी छापणे बंधनकारक आहे. पिझ्झा-बर्गरच्या साखळी दुकानांत हा आकडा तुम्ही हक्काने मागू शकता. पेठेतल्या एकुलत्या मिसळीच्या हॉटेलाला हा नियम लागू नाही. तिथे तर्री कमी आणि पाव मोजून, एवढेच आपल्या हातात. पाकिटातल्या बाकरवडीचा किंवा चिवड्याचा आकडा मागच्या बाजूला १०० ग्रॅमला दिलेला असतो. वाटीत काढून तोला आणि त्या प्रमाणात लिहा. पाकिटावरची किलोकॅलरी आणि ॲपमधली कॅलरी एकच, तेव्हा तिथे गोंधळू नका.

लक्ष्य किती ठेवावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषासाठी दिवसाला २,११० आणि ५५ किलोच्या स्त्रीसाठी १,६६० कॅलरी अशी गरज सांगितली आहे. स्वतःच्या गरजेपेक्षा तीनशे ते पाचशे कमी खाल्ले तरी पुरे. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज पाचशेची तूट ठेवली तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतार अपेक्षित धरावा. ॲपने याहून वेगवान लक्ष्य सुचवले तर ते खाली आणा.

केवळ वजनाच्या आकड्यावर मात्र थांबू नका, आणि हे पुण्याहून जगाला कळलेले शहाणपण आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आत चरबी जास्त, ही भारतीय शरीराची ठेवण याज्ञिकांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून मांडली. म्हणूनच आपल्याकडे हा इंडेक्स २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा मानतात. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वीस रुपयांची मोजपट्टी इथे कामाला येते. महिन्यातून दोनदा, सकाळी, श्वास सोडून कंबर मोजा आणि तो आकडा ॲपमध्ये लिहा.

वर्गणी, माहिती आणि तक्रार

‘सात दिवस मोफत’ योजनेत कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतात आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. फोनमधून ॲप काढून टाकले तरी वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन’ पानावर जाऊन बंद करावी लागते. थेट यूपीआयवरून दिली असेल तर यूपीआय ॲपमधला ‘ऑटोपे’ आदेश रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप कपात होण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. तो संदेश दुर्लक्षू नका. वर्गणी भरणे सोपे आणि रद्द करणे अवघड ठेवणे, याला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत टाकले आहे.

माहितीची किंमतही खर्चातच धरावी. २०१८ मध्ये मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावे, ई-मेल आणि कूटरूपातले पासवर्ड चोरीला गेले होते. या ॲपसाठी वेगळा पासवर्ड ठेवा. संपर्कयादी आणि मायक्रोफोनची परवानगी देऊ नका. वापर थांबवलात तर ॲप काढण्याआधी खाते पुसा.

वॉरंटीत बँड बदलून मिळत नसेल किंवा वर्गणीचे पैसे परत येत नसतील, तर आधी कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याखाली तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच शहरात सुरू केली. तीन हजारांच्या घड्याळासाठी कशाला भांडायचे, असे पुणेकराने तरी म्हणू नये.

तीन अंदाजपत्रके

पहिले, दीड हजारात : हातातला फोन, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला काटा, माणसाचा काटा आणि फुकटचे ॲप. व्यायामासाठी टेकडी किंवा महापालिकेच्या बागेतली मोफत साधने. बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरे, साडेतीन ते साडेपाच हजारांत : वरचे सगळे, आणि जोडणी तपासून घेतलेला दोन ते साडेतीन हजारांचा बँड. फोन अंगावर राहत नाही त्यांच्यासाठी.

तिसरे, साडेचार ते दहा हजारांत : दुसऱ्यातले सगळे आणि वर्षात आहारतज्ज्ञाच्या दोन-तीन भेटी. थायरॉइड, रक्तदाब किंवा घरात मधुमेहाचा इतिहास असेल त्यांनी हेच निवडावे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, वाढत्या वयातल्या मुलामुलींनी आणि खाण्याविषयी मनात भीती बसलेल्या कुणीही हा कॅलरीचा हिशेब आपल्या मनाने सुरू करू नये.

बाकीच्यांनी चार आठवडे नोंद करून मग निर्णय घ्यावा. वजन रोज सकाळी करा, पण आठवड्याची सरासरी तेवढी पाहा. मीठ, पाणी आणि पाळी यांनी रोजचा आकडा किलोभर हलतो. सरासरी उतरत असेल तर काहीही बदलू नका आणि नवे काही विकत घेऊ नका. उतरत नसेल तर पट्टा बदलण्याआधी तेल, साखर आणि चहा पुन्हा तोलून पाहा, आणि रोजच्या लक्ष्यातून दीडशे कॅलरी आणखी कमी करा. घरातले दहा पदार्थ काट्यावर तोलून झाले नसतील तोवर वर्गणीच्या बटणाला हात लावू नका.